फळ्यांखाली बर्फ

मैदानातला बर्फ काढलेला नाही.
परवा इथं हॉकीचा सामना, म्हणून बर्फावर
नुसत्या फळ्या टाकल्यात, फळ्यांवर खुर्च्या,
खुर्च्यांवर आम्ही. सडबरीतली निम्मी म्हातारी माणसं.
गारठा बुटांच्या तळव्यांतून चढतो
आणि गुडघ्यापाशी थांबतो,
पत्ता माहीत असल्यासारखा.

आयलीनं कपाटाच्या तळातून तो टी-शर्ट काढला.
अठ्ठ्याहत्तरचा. छातीवर ‘आयर्न फेरी’ आणि एक बोट,
धुऊन धुऊन अर्धी बुडालेली.
दंडात अडकला, तेव्हा तिनं तो
मफलरसारखा गळ्याभोवती घेतला.
मी काही बोललो नाही.
मला हा बँड कधीच आवडला नाही,
हे तिला एकेचाळीस वर्षं माहीत आहे.

पुढच्या रांगेत रेयो.
तोच, ज्याच्यासाठी ती स्वयंपाकघराच्या खिडकीतून
चिखलात उडी मारून यांना ऐकायला गेली होती.
तेव्हा त्याच्याकडे मोटारसायकल होती.
आता चाकांवरचं नळकांडं आहे,
नाकात नळी, छातीत निकेलच्या खाणीतली तीस वर्षं.
"काय लॉर्न, पैसे वसूल होणार का?"
मी त्याला खोकल्याची गोळी देतो.
तो दोन घेतो.

अंधार झाला. ते आले.
मंचाच्या पायऱ्यांना कठडा लावलाय, दोन्ही बाजूंनी.
चौघांपैकी तिघे; चौथ्याच्या जागी त्याचा भाचा,
जो बिचारा सबंध वेळ माफी मागितल्यासारखा वाजवतो.
गाणाऱ्याची विजार तीच, आतला माणूस निम्मा.
उंच पट्टीची गाणी त्यांनी खाली आणलीत,
जशी आम्ही झोपायची खोली
गेल्या वर्षी तळमजल्यावर आणली.
शब्द त्याच्या पायाशी पडद्यावर सरकतात.
पण चष्मा लावायचा नाही, म्हणून तो चुकतो,
आणि सात हजार माणसं
त्याच्याबरोबर, खुशीनं, तीच चूक करतात.

ढोल मात्र खरा.
तो कानाला नाही, फळ्यांना लागतो.

मग ते संथ गाणं.
सगळीकडे फोन वर. पांढरा उजेड,
दवाखान्याच्या बोळात असतो तसा.
रेयोनं खिशातून लायटर काढला,
पितळी, अंगठ्यानं झिजून गुळगुळीत,
आणि आयली किंचाळली: "अरे, नळी!"

तो थांबला. हातातल्या वस्तूकडे बघत राहिला,
जणू कुणीतरी ती आत्ताच तिथं ठेवली होती.
मग खांद्यावरून हात मागं केला, माझ्याकडे.
"तू. जरा लांब जाऊन."

अकरा जोडी गुडघे ओलांडले, अकरा वेळा माफ करा म्हटलं,
आणि बाहेरच्या दाराजवळच्या पायरीवर उभा राहिलो.
पहिल्यांदा नाही. दुसऱ्यांदा नाही.
चौथ्यांदा पेटला.
हात वर केला. शब्द येत नव्हते, तोंड नुसतं हलवलं.
अंगठा भाजायला लागला.

तिकडून दोघं माझ्याकडे बघत होती,
तो आणि ती, मंचाकडे पाठ करून,
एक अख्खं कडवं.
आता त्या ज्योतीत त्यांना काय दिसलं, मी विचारणार नाही.
मला दोन म्हातारे चेहरे दिसले, पिवळसर,
आणि एका गळ्यात बुडती बोट.

दातांना तारा लावलेली एक पोरगी धावत आली,
अंगात सुरक्षारक्षकाचं ढगळ जाकीट.
"सर, इथं आग चालत नाही."
म्हटलं, "माझी नाही ही."
"कुणाची आहे?"
मी विझवला.

बाहेर उणे बावीस.
गाडी कुठं लावली ते तिघांपैकी कुणालाच आठवेना.
कानांत शिट्टी, रेयोच्या नळकांड्याची चाकं बर्फात अडकलेली,
ती मी उचलून घेतली.
आयली काहीतरी म्हणाली. ऐकू आलं नाही.
मी मान हलवली.
लायटर अजून माझ्या खिशात आहे.
त्यानं मागितला नाही.